मुक्त आज्ञावली आणि आपल्या संघाचे कर्तव्य

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा लिखित पाठ)



आजच्या सभेपुढे जो ठराव यावयाचा आहे त्याची पार्श्वभूमी सर्वांस समजेल अशा भाषेत सांगावी, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. ठराव संगणकाविषयीचा, आणि आम्ही जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे उभी हयात घालविलेले शिक्षक. तेव्हा हे काम आमच्याकडे का आले, असा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवला असेल तर तो रास्तच म्हटला पाहिजे. परंतु विषयात शिरल्यावर आम्हांस असे आढळून आले की, यातील यंत्राचा भाग तरुणांचा असला, तरी यातील देण्याघेण्याचा भाग शिक्षकाच्या नेहमीच्या परिचयाचा आहे. त्या दुसऱ्या भागापुरतेच आम्ही बोलणार आहोत.

प्रथम प्रश्न काय तो सांगतो. आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीकडे दरवर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. ते संकेतस्थळावर स्वीकारणे, गुणपत्रिकांची छाननी करणे, मंजूर रकमांचा हिशेब ठेवणे, ही सर्व कामे करणारी एक आज्ञावली आपल्याच ज्ञातीतील काही मुलामुलींनी गेल्या वर्षी रविवारच्या रविवारी एकत्र बसून तयार केली. ती चांगली चालते, याचा अनुभव आपण घेतलाच आहे. आता शेजारच्या तालुक्यातील दुसऱ्या एका ज्ञातीच्या मंडळाने ती आपल्याकडे मागितली आहे. ती द्यावी की न द्यावी? द्यावयाची तर त्यांच्यापुरतीच द्यावी, की मूळ पाठासह जगापुढे उघडी ठेवावी? आणि उघडी ठेवावयाची तर ती कोठे ठेवावी, तिची देखभाल कोणी करावी? एवढाच प्रश्न आहे. परंतु एवढ्यावरून गेल्या दोन बैठकांत जे शब्द उच्चारले गेले, ते ऐकता त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

उत्तर आणि रीत

आज्ञावली म्हणजे काय, हे शाळेतील उदाहरणाने सांगता येईल. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापलेली असतात. ज्याला केवळ उत्तर मिळाले, त्याचे त्या दिवसापुरते काम भागते. परंतु आकडे बदलले की तो अडतो. ज्याला रीत मिळाली, तो तसली शंभर गणिते सोडवितो आणि रीतीत चूक असेल तर तीही दाखवून देतो. संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. मनुष्याने लिहिलेला आणि मनुष्यास वाचता येणारा तिचा मूळ पाठ ही रीत होय, आणि यंत्रापुरते जे रूप विकले जाते ते उत्तर होय. पुष्कळ व्यापारी संस्था उत्तर विकतात आणि रीत कपाटात ठेवतात. मूळ पाठ सर्वांसाठी खुला ठेवण्याची जी पद्धती आहे, तिला मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स असे म्हणतात.

ही पद्धती कालपरवाची नव्हे. १९५५ सालीच अमेरिकेत आयबीएमची मोठी यंत्रे वापरणाऱ्यांनी 'शेअर' नावाचे मंडळ स्थापून एकमेकांच्या आज्ञावल्या एकमेकांस देण्यास आरंभ केला होता. पुढे आज्ञावली हा स्वतंत्र विक्रीचा माल झाला आणि दारे लागू लागली. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे तरुण गृहस्थ काम करीत. तेथील छापण्याच्या जुन्या यंत्रात कागद अडकला की वापरणाऱ्यास सूचना मिळावी, अशी सुधारणा त्यांनी त्या यंत्राच्या आज्ञावलीत केली होती. मग झेरॉक्सचे नवे यंत्र आले. त्यातही कागद अडकत असे. परंतु आज्ञावलीचा मूळ पाठ सोबत दिलेला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या गृहस्थांजवळ तो पाठ होता त्यांस स्टॉलमन भेटले. त्यांनी तो कोणास न देण्याचे वचन लिहून दिलेले असल्यामुळे सरळ नकार दिला. दोष लहान, दुरुस्ती माहीत, करणारा तयार, आणि तरीही दुरुस्ती अशक्य, अशी ती स्थिती होती.

या अनुभवाने स्टॉलमन यांच्या विचारास दिशा मिळाली. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली एक परवानापत्र सिद्ध केले. त्यास 'जीपीएल' असे संक्षेपाने म्हणतात. त्यातील आशय चार मोकळिकींत सांगता येतो: आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवावी, तिची रीत अभ्यासावी व बदलावी, तिच्या प्रती दुसऱ्यास द्याव्या, आणि आपण सुधारलेली प्रतही द्यावी. या मोकळिकींबरोबर अट एकच आहे. जो ती दुसऱ्यास देईल त्याने याच चार मोकळिकींसह द्यावी, मधेच कुलूप घालू नये. किंमत घेण्यास मनाई नाही, हे ध्यानात ठेवावे. जो विकेल त्याने विकत घेणाऱ्यास मूळ पाठही द्यावा, एवढेच त्याचे म्हणणे.

दोन विद्यापीठांची गोष्ट म्हणता येईल अशी एक गोष्ट

आज ज्यास आपण वेब म्हणतो ते जाळे सर्वत्र का पसरले, याचे कारण पाहण्यासारखे आहे. १९९१ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 'गोफर' नावाची व्यवस्था तयार झाली. दूरदूरच्या संगणकांवरील माहिती यादीतून निवडून वाचावी, अशी तिची रचना होती, आणि तिचा प्रसार झपाट्याने चालला होता. त्याच सुमारास जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांची 'वर्ल्ड वाइड वेब' ही व्यवस्था बाल्यावस्थेत होती. १९९३ च्या आरंभी मिनेसोटा विद्यापीठाने, आपली आज्ञावली वापरणाऱ्या काहींकडून शुल्क घेतले जाईल, असे जाहीर केले. विद्यापीठास पैशाची गरज असेल. त्याचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु लोकांच्या मनात धास्ती बसली. आणि त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी सर्नने एका दस्तऐवजावर सही करून वेबची मूळ आज्ञावली कोणताही हक्क न राखता सर्व जगाच्या मालकीची करून टाकली.

त्यानंतर गोफर मागे पडत गेले आणि वेब पुढे गेले. वेबच्या बाजूस इतरही गुण होते; चित्रे व मजकूर एकत्र दाखविण्याची सोय होती. तरीही वापरणाऱ्यांच्या मनातील निर्धास्तपणा हे एक मोठे कारण होते, यात शंका नाही. पुढे २००० साली मिनेसोटा विद्यापीठानेही गोफर जीपीएलखाली मोकळे केले; परंतु तोपर्यंत यात्रा उठून गेली होती. देण्याला मुहूर्त असतो, आणि तो टळल्यावर दिलेले कोणाच्या उपयोगी पडत नाही, एवढा बोध यातून घ्यावा.

कर्ता गेला, कार्य राहिले

संकेतस्थळ वाचकापर्यंत पोहोचविणारी जी आज्ञावली असते तिला सर्व्हर म्हणतात. आरंभीच्या काळात इलिनॉय विद्यापीठातील संस्थेत रॉब मॅककूल यांनी लिहिलेला सर्व्हर फार लोकप्रिय होता. १९९४ साली मॅककूल ती संस्था सोडून गेले आणि काम थंडावले. वापरणारे मात्र जगभर पसरलेले. ज्याला जो दोष आढळला तो त्याने आपल्यापुरता दुरुस्त केला; मूळ पाठ उघडा असल्यामुळे ते शक्य झाले. परंतु दहा ठिकाणी दहा ठिगळे, आणि एकाची दुसऱ्यास वार्ता नाही, अशी अवस्था झाली. तेव्हा १९९५ च्या फेब्रुवारीत ब्रायन बेलेंडॉर्फ आदी आठ जणांनी ही ठिगळे एकत्र करून एकच वस्त्र करण्याचे ठरविले. त्यातून 'अपॅची' सर्व्हर जन्मास आला. १९९६ च्या मध्यापूर्वीच तो जगातील सर्वांत अधिक वापरला जाणारा सर्व्हर झाला, आणि १९९९ साली त्याच्या सांभाळासाठी रीतसर संस्था नोंदविली गेली.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. २००१ साली मिशेल वाल्द्रिगी नावाच्या फ्रेंच तरुणाने संकेतस्थळावर नित्य लेखन करण्यासाठी 'बी-टू' ही आज्ञावली लिहिली आणि ती जीपीएलखाली मोकळी केली. पुढे त्याच्या हातून काम थांबले. ह्यूस्टन येथील मॅट मुलेनवेग हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी ती वापरीत असे. त्याने १९ वर्षांच्या वयात जानेवारी २००३ मध्ये जाहीरपणे असे म्हटले की, परवानापत्र मोकळे असल्यामुळे हे काम आपण पुढे चालवू शकतो. इंग्लंडातील माइक लिटल यांनी त्यास साथ दिली, आणि २७ मे २००३ रोजी 'वर्डप्रेस' या नावाने पहिली आवृत्ती निघाली. पुढील वर्षी, २००४ च्या मे महिन्यात, त्याच प्रकारची 'मूव्हेबल टाइप' ही त्या काळची प्रसिद्ध आज्ञावली काढणाऱ्यांनी आपल्या परवान्याच्या अटी व दर बदलले, तेव्हा पुष्कळ लेखक आपले बिऱ्हाड उचलून वर्डप्रेसकडे आले. आज जगातील संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. आपल्या संघाचे संकेतस्थळही त्यावरच उभे आहे, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे?

वाल्द्रिगी यांनी आपली रीत कपाटात ठेवली असती, तर त्यांच्या हातून काम थांबले त्या दिवशीच ते संपले असते.

काम ठेवावयाचे कोठे?

आता ठरावाचा दुसरा भाग. मूळ पाठ मोकळा केला, तरी तो कोठे तरी ठेवावा लागतो. जेथे कोणीही येऊन पाहील, दोष कळवील, दुरुस्ती सुचवील, आणि जुन्या सर्व आवृत्त्या क्रमाने राहतील. गावाच्या कामास चावडी लागते तशीच ही गरज आहे. अशी मोठी चावडी प्रथम १९९९ च्या नोव्हेंबरात व्हीए लिनक्स या कंपनीने 'सोर्सफोर्ज' या नावाने उघडली. हजारो प्रकल्पांस तेथे विनामूल्य जागा मिळाली. ज्या आज्ञावलीवर ही चावडी चालत होती, ती आज्ञावलीही कंपनीने प्रथम मोकळी केली होती. मग २००१ च्या सुमारास धोरण फिरले आणि नवा मूळ पाठ बाहेर येईनासा झाला. परंतु आधी दिलेले परत घेता येत नाही. त्याच जुन्या पाठावरून ग्नू प्रकल्पाच्या मंडळींनी 'सव्हाना' ही आपली स्वतंत्र चावडी उभारली, आणि सोर्सफोर्ज घडविणाऱ्यांपैकीच एक, टिम पर्ड्यू, यांनी २००२ साली 'जीफोर्ज' काढले.

पुढे २००६ साली गूगलने अशीच जागा उघडली आणि २०१६ च्या जानेवारीत ती बंद केली. २००८ साली 'गिटहब' निघाले; आज बहुसंख्य प्रकल्प तेथेच आहेत. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ते साडेसात अब्ज डॉलरांस घेतले. तेथे मोकळ्या प्रकल्पांस जागा फुकट मिळते. परंतु ज्या आज्ञावलीवर गिटहब स्वतः चालते, ती मात्र मोकळी नाही. याचा अर्थ त्याचा उपयोग करू नये असा नव्हे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने घर भाड्याचे आहे हे विसरू नये, इतकेच.

येथे 'गिट' या साधनाचा उल्लेख केला पाहिजे, कारण आपली खरी सुरक्षितता त्यात आहे. लिनक्स ही मुक्त संगणकव्यवस्था १९९१ साली आरंभणारे फिनलंडचे लिनस टोरवाल्ड्स हे २००५ पर्यंत आपल्या कामासाठी एका कंपनीचे बंद साधन फुकट मिळे म्हणून वापरीत. त्या वर्षी कंपनीने ती सवलत काढून घेतली. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात स्वतःच गिट लिहावयास घेतले आणि थोड्याच दिवसांत ते कामास लावले. त्यातील विशेष असा की, प्रत्येक सहकाऱ्याजवळ नुसती ताजी प्रत राहत नाही. आरंभापासूनचा संपूर्ण इतिहास त्याच्या स्वतःच्या यंत्रावर असतो. चावडी जळाली, विकली गेली, बंद पडली, तरी कोणाही एकाच्या घरातून सर्व दप्तर पुन्हा उभे करता येते. आणि त्याच वर्षीच्या जुलैत टोरवाल्ड्स यांनी गिटचा कारभार जुनिओ हमानो यांच्या हाती सोपविला व आपण बाजूस झाले. हमानो यांनी तो पुढे दोन दशके सांभाळला आहे. निर्माण करणाऱ्याने वेळीच दुसऱ्याच्या हाती सोपवावे, ही गोष्ट संस्था चालविणाऱ्या आपणा सर्वांस मनन करण्यासारखी आहे.

आपल्यासारख्यांस विशेष जवळची वाटावी अशी एक चावडी जर्मनीत आहे. बर्लिन येथे २०१८ साली 'कोडबर्ग' नावाचे नोंदणीकृत मंडळ स्थापन झाले. त्याचे सभासद वर्गणी देतात, सभा भरवितात, कार्यकारिणी निवडतात, आणि त्या वर्गणीतून जगभरच्या मुक्त प्रकल्पांस जागा देतात. ज्या आज्ञावलीवर ही चावडी चालते ती 'फोर्जेजो' हीसुद्धा मोकळी असून तिचा सांभाळही तेथेच होतो. म्हणजे घटना, वर्गणी, सर्वसाधारण सभा, या ज्या साधनांनी आपला संघ चालतो, त्याच साधनांनी हे आधुनिक काम चालू शकते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे.

सावधगिरीच्या दोन गोष्टी

एकच बाजू सांगितली तर ते शिक्षकास शोभणार नाही. मुक्त आज्ञावली म्हणजे आपोआप वाढणारे झाड नव्हे. २०१४ च्या एप्रिलमध्ये 'ओपनएसएसएल' या आज्ञावलीत मोठा दोष आढळला. त्यास 'हार्टब्लीड' हे नाव पडले. पेढ्यांपासून दुकानांपर्यंत असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार त्या आज्ञावलीच्या भरवशावर चालत होते, आणि दोष दोन वर्षे कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. चौकशी करता असे दिसून आले की, एवढ्या मोठ्या डोलाऱ्याखालच्या या खांबास वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणग्या मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य एकच होता. मूळ पाठ उघडा होता. परंतु उघडलेले पुस्तक वाचणारा कोणी नसेल तर उघडेपणाचा उपयोग काय? घेणारे कोट्यवधी आणि हातभार लावणारे मूठभर, हा त्यातील खरा दोष होता.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. २०२४ च्या सप्टेंबरात वर्डप्रेसचे मुलेनवेग आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही कंपनी यांच्यात वाद पेटला, वर्डप्रेसच्या मध्यवर्ती स्थळाचे दार त्या कंपनीस बंद करण्यात आले, आणि प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेले. डिसेंबरात न्यायालयाने ते दार तूर्त उघडण्याचा आदेश दिला. यावरून असे दिसते की, मूळ पाठ सर्वांचा असला तरी दाराची किल्ली एकाच्याच खिशात असेल तर कलह उद्भवतो. आज्ञावली मोकळी करणे आणि तिचे दप्तर अनेकांच्या हाती ठेवणे, ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत.

आपल्या घरातील प्रश्न

किल्ल्यांचा हा धडा आपणांस परदेशातून शिकण्याचीही गरज नाही. आपल्या संघाचे पहिले संकेतस्थळ एका ठेकेदाराकडून करून घेतले होते, हे जुन्या सभासदांस स्मरत असेल. त्याने मूळ पाठ कधी दिला नाही, किल्ल्याही दिल्या नाहीत. त्याचा व्यवसाय बंद पडला, आणि आपल्या वडीलधाऱ्यांची छायाचित्रे, जुन्या संमेलनांचे वृत्तान्त, सारे त्यासोबत गेले. त्यांतील कित्येक छायाचित्रांच्या मूळ प्रती आज कोणाजवळही नाहीत. तेव्हा बंद कपाटाची किंमत आपण एकदा मोजलेली आहे.

आता बैठकांत जे आक्षेप निघाले त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा की, आपल्या वर्गणीतून व आपल्या मुलांच्या श्रमांतून झालेली वस्तू परक्यांस फुकट का द्यावी? यावर आमचे नम्र म्हणणे असे की, आधी आपण घेतले काय याचा हिशेब मांडावा. आपली आज्ञावली लिनक्सवर चालते, तिच्याखाली अपॅची आहे, ती वर्डप्रेसला जोडलेली आहे, आणि ज्या भाषेत ती लिहिली ती 'पीएचपी' ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली मोकळी केली. यांपैकी एकानेही आपणांस जात विचारली नाही, गाव विचारले नाही. शंभर विटांच्या भिंतीत आपली एक वीट आहे; ती मात्र आपली म्हणून काढून ठेवावी, हे न्यायाचे होईल काय? कायद्याने पाहिले तर जीपीएल आपणांस देण्याची सक्ती करीत नाही. जोवर आपण ती आपल्यापुरती वापरतो तोवर बंधन नाही. बंधन आहे ते लोकव्यवहाराचे आणि सद्सद्विवेकाचे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो विशेषतः आपल्या भगिनींनी मांडला: मुलींची नावे, पत्ते, घरचे उत्पन्न, गुण, हे सारे चव्हाट्यावर येईल. ही भीती पूर्णतः योग्य आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु कोरा छापील अर्ज आणि भरलेला अर्ज यांत जो भेद आहे तो येथे ध्यानात घ्यावा. मोकळा करावयाचा तो कोरा अर्ज; भरलेल्या अर्जांची पेटी संघाच्या कुलपात राहील. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संसदेने संमत केला आहे, आणि त्याचा रोखही हाच आहे. हा भेद सांभाळण्यात हयगय झाली तर आम्ही स्वतः ठरावाच्या विरोधात उभे राहू.

तिसरा आक्षेप असा की, कुलपाची रचना सर्वांस कळली तर चोरांस सोपे होईल. कुलूप चांगले असेल तर त्याची रचना कळूनही ते उघडत नाही. गुप्त राहावी ती किल्ली. १८८३ सालीच ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी गुप्त लिपीच्या संदर्भात हे तत्त्व सांगून ठेवले आहे. रचना उघडी असली म्हणजे आपल्यापेक्षा जाणत्या माणसास आपली चूक दाखविता येते, हा उलट लाभच आहे.

चौथी गोष्ट कोणी मोठ्याने बोलले नाही, परंतु ती मनात आहे असे आम्हांस वाटते. ज्ञातीचे ते ज्ञातीतच राहावे, अशी आपली जुनी समजूत आहे. तिला पूर्वी कारण होते. हातच्या कलेवर घराचे पोट अवलंबून असे, आणि ती बाहेर गेली तर पोट जाई. त्या काळच्या वडिलांस दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्याच समजुतीपायी किती हुन्नर वृद्धांबरोबर मातीस मिळाले, हेही आपण पाहिले आहे. मात्रा मुलासही शेवटच्या घटकेस सांगावयाची म्हणून राखून ठेवली, आणि ती घटका बोलण्याची राहिलीच नाही, अशा कथा गावोगाव आहेत. शिवाय, विद्येवर जन्माचे कुलूप होते त्या काळी १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली नसती, तर आज ज्या आपल्या मुलींनी ही आज्ञावली लिहिली, त्यांच्या हाती पाटी तरी आली असती काय? ज्यांस उघड्या दारातून विद्या मिळाली, त्यांनी आपल्यामागे दार लावून घेणे शोभत नाही.

करावयाच्या गोष्टी

तेव्हा ठरावात पुढील गोष्टींचा अंतर्भाव असावा, अशी आमची सूचना आहे.

१. शिष्यवृत्तीची आज्ञावली जीपीएलखाली मूळ पाठासह मोकळी करावी, आणि शेजारच्या मंडळास तसे पत्राने कळवावे.

२. मोकळी करण्यापूर्वी तीत कोणाचेही नाव, पत्ता, दूरध्वनी किंवा खरा अर्ज राहिलेला नाही, याची दोन निरनिराळ्या व्यक्तींनी तपासणी करून तसे लिहून द्यावे. नमुन्यादाखल कल्पित नावेच वापरावी.

३. तिचे दप्तर संघाच्या नावाने ठेवावे. कोणा एका व्यक्तीच्या नावाने ठेवू नये. किल्ल्या तिघांजवळ असाव्या, त्यांत एक तरी महिला सभासद असावी, आणि दर दोन वर्षांनी त्यांतील एकाने नव्या व्यक्तीस काम शिकवून बाजूस व्हावे. संपूर्ण इतिहासाची एक प्रत संघाच्या कार्यालयातही राहावी.

४. आज्ञावली कशी बसवावी व वापरावी, याची पुस्तिका मराठीत लिहावी. हे काम संगणक न जाणणाऱ्यांसही करता येण्यासारखे आहे. वर्डप्रेसचा मराठी अवतार असाच स्वयंसेवकांच्या भाषांतरातून झाला. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया 'मीडियाविकी' या मोकळ्या आज्ञावलीवर चालतो, आणि त्यातील लेख लिहिणारी माणसे आपल्यासारखीच सामान्य आहेत. निवृत्त शिक्षक, गृहिणी, कारकून, या सर्वांस येथे जागा आहे; शुद्धलेखन तपासण्याचे काम आम्ही स्वतः आनंदाने करू.

५. देखभालीसाठी निधीतून दरवर्षी ठराविक रक्कम राखून ठेवावी, आणि ज्या मुक्त आज्ञावल्यांवर आपले काम चालते त्यांपैकी एखादीस, अल्प का होईना, प्रतिवर्षी देणगी पाठवावी.

यातून संघाचा फायदा काय, असेही विचारले जाईल. एक फायदा उघड आहे. शेजारच्या मंडळाने ती वापरली की त्यांस आढळलेले दोष ते कळवतील, त्यांची मुले दुरुस्त्या करतील, आणि त्या दुरुस्त्या आपणांस आपसूक मिळतील. आपल्या मुलांचे काम त्यांच्या नावानिशी जगापुढे राहील. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्रापेक्षा ते अधिक बोलेल. आणि कालांतराने ही मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी, संसारासाठी दूर गेली, तरी त्यांचे काम येथे राहील व दुसऱ्या कोणास पुढे नेता येईल. शिक्षकाने वर्ग सोडला तरी फळ्यावरची रीत मुलांच्या वहीत उतरलेली असते, तसेच हे आहे.

आमचे बोलणे लांबले, त्याबद्दल सभेची क्षमा मागतो. ठरावाचा निर्णय करण्यास सभा समर्थ आहे. तो करताना, ज्यांनी रविवारची विश्रांती बाजूस ठेवून हे काम केले त्या मुलामुलींचे मत अवश्य विचारावे, अशी विनंती आहे. कारण त्यांतील एकीने आम्हांस सांगितले की, आमचे नाव राहिले नाही तरी चालेल, पण आमचे काम बंद पडू देऊ नका. तिच्या या मागणीस संघाने मान द्यावा, अशी इच्छा व्यक्त करून आणि सर्वांस उत्तरोत्तर उत्कर्ष चिंतून आम्ही आपली रजा घेतो.